तेरेखोलवर पूल हवा, पण आधी कागद

गेल्या उन्हाळ्यात गोव्याच्या उत्तर टोकाला, तेरेखोलच्या धक्क्यावर पाऊण तास बसून होतो. मोठी सुकती लागली होती. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. फेरीबोट पलतडी केरीच्या धक्क्याला टेकलेली आणि मधल्या पाण्यात वाळूची पाठ वर आलेली. माझ्या शेजारी एक बाई मासळीची पाटी घेऊन बसली होती. पाटीवर ओलं गोणपाट, आणि खालून बर्फाचं पाणी ठिबकून तिच्या पायाशी ओघळ झालेला. दर पाच मिनिटांनी ती गोणपाट उचलून आत हात घालायची आणि बर्फ किती उरलाय ते चाचपायची. पलीकडे प्लास्टिकची फाइल मांडीवर घेतलेला एक माणूस. त्याला केरीला पंचायतीत जायचं होतं, रहिवासी दाखल्यासाठी. मी विचारलं, फेरी कधी सुटेल? तो म्हणाला, "पाणी चढल्याशिवाय येवची नाय ती."

केरी समोर दिसत होती. सुरूची झाडं, झाडांखाली लावलेल्या गाड्या, अगदी धक्क्यावर उभी माणसंसुद्धा. फेरीबोट चालू असली की हे अंतर पाच-सात मिनिटांचं. ती बंद असली तर तेरेखोलच्या माणसानं रेडीला यायचं, म्हणजे महाराष्ट्रात यायचं, तिथून आरोंदा, आरोंद्याच्या पुलावरून किरणपाणी, म्हणजे परत गोवा, आणि मग केरी. स्वतःच्या ग्रामपंचायतीत जायला दुसऱ्या राज्यातून जावं लागणारं हे गाव आहे. केरी-तेरेखोल ही एकच पंचायत. गाव नदीच्या उत्तर काठावर, कचेरी दक्षिण काठावर.

माझं घर शिरोड्याचं आणि मावशी केरीला दिलेली, त्यामुळे ही नदी मी लहानपणापासून ओलांडतो आहे. म्हणून या पुलाबद्दल लिहिताना तटस्थ असल्याचा आव आणत नाही. मला पूल हवा आहे. पण ज्या पद्धतीनं तो मागितला जातो आणि ज्या पद्धतीनं एकदा बांधायला घेतला गेला, त्या पद्धतीनं नको आहे.

या सीमेची गोष्ट थोडी सांगायला हवी. तेरेखोलचा किल्ला मुळात सावंतवाडीच्या खेम सावंतांचा. १७४६ मध्ये तो पोर्तुगीजांनी घेतला. नदीच्या दक्षिणेचा पेडणे महाल, ज्यात केरी येते, त्यानंतरही सावंतवाडीकडेच होता, तो १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेला. म्हणजे आज नदीच्या दोन्ही काठांवर जी गावं आहेत ती, तेरेखोल सोडलं तर, तोवर एका राज्यात होती. सोयरिकी, देव, शेतं, बाजार सगळं त्या आधीचं. १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेड अफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही याच किल्ल्यात शिरले आणि तिथं तिरंगा लावला. पुढं गोवा मुक्त झाला, आणि १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्यानं महाराष्ट्रात विलीन न होता वेगळं राहायचं ठरवलं. ३४ हजारांच्या फरकानं. तो निर्णय गोवेकरांनी विचारपूर्वक घेतला आणि तो मानलाच पाहिजे. पूल मागणारे आमच्याकडचे काही लोक भाषणात "सीमा पुसून टाकू" असं म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. त्या एका वाक्यानं पलतडीची दहा माणसं पुलाच्या विरोधात जातात. सीमा राहू दे. सीमा असताना माणसांनी ये-जा कशी करायची, एवढाच प्रश्न आहे.

आता पुलाकडे येऊ. केरी आणि तेरेखोल जोडणाऱ्या पुलाचं काम गोवा सरकारनं दहाएक वर्षांपूर्वी हाती घेतलं होतं. ते किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या परवानगीच्या वादात सापडलं आणि राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं. त्याच सुमारास तेरेखोलात गोल्फ कोर्स आणि मोठ्या हॉटेलचा प्रकल्प येऊ घातला होता. काजूच्या बागा कसणारी कुळं त्याविरुद्ध उभी राहिली, जमिनीचे दावे कोर्टात गेले. मग लोकांनी साधा प्रश्न विचारला: इतकी वर्षं आम्ही फेरीबोटीनं जातोय, तेव्हा कुणाला पूल आठवला नाही. आता हॉटेल येणार म्हटल्यावर बरा आठवला?

त्या शंकेत तथ्य होतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या पुलाचा पहिला लाभार्थी एखादा खासगी प्रकल्प ठरणार असेल, तर गावकऱ्यानं त्याला विरोध करण्यात गैर काहीच नाही. पण तो वाद झाला म्हणून पुलाची गरज खोटी ठरत नाही. फाइल घेऊन बसलेल्या त्या माणसाची गरज हॉटेलाच्या आधीपासूनची आहे.

एक गोष्ट फारशी कुणी लक्षात घेत नाही. हा पूल कागदोपत्री गोव्यातून गोव्यातच जाणार. दोन्ही टोकं गोव्याची. सीमा लागते ती तेरेखोल गाव ओलांडल्यावर, रेडीच्या वाटेवर. म्हणजे खर्च गोव्याचा, परवानग्या गोव्याच्या, निर्णय गोव्याचा. आणि वापरणारे मात्र मोठ्या संख्येनं रेडी, शिरोडा, आरवली, वेंगुर्ल्याचे. महाराष्ट्राला या पुलावर बोलायचा अधिकार नाही आणि त्यावर एक रुपया खर्च करायची जबाबदारीही नाही. मग गोव्याच्या करदात्यानं विचारलं, सिंधुदुर्गवाल्यांसाठी आम्ही का बांधायचा, तर त्याला काय उत्तर द्यायचं?

याचं उत्तर महाराष्ट्राकडे आहे आणि ते रेडीपर्यंत येऊन थांबलं आहे. रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळातलं स्वप्न. आता त्यातल्या मोठ्या खाड्यांवरचे पूल रस्ते विकास महामंडळानं हाती घेतले आहेत: करंजा-रेवस, रेवदंडा-साळाव, दिघी-आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड. हे पूल झाले की मुंबईहून निघालेली गाडी समुद्राच्या कडेकडेनं खाली येत येत रेडीला पोचेल. पुढं काय? रेडीचा द्विभुज गणपती पाहून ती गाडी तेरेखोलच्या धक्क्यावर येईल आणि फेरीबोटीच्या रांगेत उभी राहील, नाहीतर आरोंद्याच्या अरुंद रस्त्यांवर वळेल. सागरी महामार्गाचा शेवटचा तुकडा महाराष्ट्राच्या हद्दीबाहेर आहे म्हणून तो महाराष्ट्राचा प्रश्नच नाही, असं मानून चालणार नाही. महाराष्ट्रानं या पुलाच्या खर्चात वाटा उचलावा. दोन राज्यांच्या हद्दीवरची कामं वाटून घेण्याचे प्रघात आपल्याकडे आहेत, तिळारी धरण हे दोघांचंच आहे. पाण्यासाठी जे जमलं ते वाटेसाठी न जमण्याचं कारण नाही.

आणि वाटा उचलला की बोलायचा अधिकार येतो. तिथंच मला जे म्हणायचं आहे ते सुरू होतं. काँक्रीट ओतायच्या आधी दोन राज्यांनी एका करारावर सह्या कराव्यात. पुलावरून कोण, कशानं, काय घेऊन जाणार आणि त्याला कोण अडवू शकणार नाही, हे त्यात लिहिलेलं असावं.

मासळीचंच घ्या. २०१८ मध्ये गोव्यात, मासळी टिकवायला तिला फॉर्मेलिन हे घातक रसायन लावतात, अशी भीती पसरली. परराज्यातल्या मासळीवर बंदी आली, मग नोंदणीची अट, मग शीतवाहनाची अट. लोकांच्या आरोग्याची काळजी घेणं सरकारचं कामच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण नियम केला तो शेकडो किलोमीटरवरून येणाऱ्या कंटेनरसाठी, आणि त्यात सापडला तो सकाळी वेंगुर्ल्यात मासळी घेऊन दोन तासांत म्हापशाला पोचणारा टेम्पोवाला. त्याची मासळी अजून तडफडत असते, तिला फॉर्मेलिन कशाला लागेल? पुढं आंदोलनं झाली, चर्चा झाल्या, पण तोवर हंगाम निघून जातो. अशा वेळी पूल असता तर काय झालं असतं? पुलाच्या तोंडावर टेम्पोंची रांग लागली असती, इतकंच. सीमेलगतच्या ठरावीक गावांतल्या छोट्या मच्छीमारांसाठी वेगळी, सोपी नोंदणी आधीच करून ठेवलेली असेल, तर एखादी साथ आली, भीती पसरली, तरी त्यांचा धंदा चालू राहील.

टॅक्सीचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि इथं मला पेडण्याच्या टॅक्सीवाल्याची बाजू आधी सांगायची आहे. पेडणे तालुक्यातला मोपाचा विमानतळ ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन होऊन जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावांतल्या पोरांना तिथं गाडी लावायला जागा मिळावी म्हणून झगडावं लागलं. आधीच पोट आवळून गाडीचे हप्ते भरणाऱ्या त्या मुलाला वाटणार, पूल झाला की एमएच ०७ च्या, म्हणजे सिंधुदुर्गाच्या गाड्या रांगेनं येतील आणि हरमल-केरीची भाडी घेऊन जातील. इकडे सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या चालकाची तक्रार उलटी. पर्यटकाला मोपाला सोडलं की परतीचं भाडं घेता येत नाही, रिकामी गाडी आणावी लागते, वाटेत कुणी अडवलं तर हुज्जत घालावी लागते. दोघंही खरं बोलतायत. यावर उपाय म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या लगतच्या तालुक्यांपुरता, पेडणे, सावंतवाडी, वेंगुर्ला आणि दोडामार्ग एवढ्यांपुरता एक सामायिक परवाना. सोडलेल्या ठिकाणाहून परतीचं भाडं घ्यायची मुभा दोघांना, पण दुसऱ्याच्या हद्दीत थांबा टाकून धंदा करायला दोघांनाही मनाई. हे टॅक्सी संघटनांना पूल होण्याआधी एका टेबलाशी बसवून ठरवावं लागेल. पूल झाल्यावर पहिल्या हंगामात एक काच फुटली की मग कुणी कुणाचं ऐकत नाही.

बाहेरची दोन उदाहरणं मला यात फार बोलकी वाटतात. त्रिपुरातल्या सबरूमहून बांगलादेशातल्या रामगढला जाणारा फेनी नदीवरचा मैत्री सेतू ९ मार्च २०२१ ला उद्घाटित झाला. १.९ किलोमीटर लांब, खर्च १३३ कोटी. सबरूमहून चितगाव बंदर अवघ्या ऐंशीएक किलोमीटरवर. सगळा ईशान्य भारत समुद्राला जोडला जाणार होता. पण पलीकडच्या बाजूची तयारी आणि वाहतुकीचे करारमदार वेळेत जुळले नाहीत, आणि उद्घाटनानंतर वर्षं लोटली तरी मालाची नेहमीची ये-जा सुरू झाली नाही. दुसरं उदाहरण डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या ओरेसुंड पुलाचं. तो २००० साली सुरू झाला. माल्मोत राहायचं आणि कोपनहेगनला नोकरी करायची, असं हजारो लोकांचं आयुष्य त्यावर उभं राहिलं. जानेवारी २०१६ मध्ये स्वीडननं ओळखपत्रांची तपासणी सुरू केली आणि रोजच्या प्रवासाला लागणारा वेळ एकदम वाढला. पूल जागच्या जागी होता, एक विटही हलली नव्हती, तरी तो अर्धा बंद झाल्यासारखा झाला.

आपण हे २०२० मध्ये पाहिलंच आहे. टाळेबंदीत महामार्गावरची पत्रादेवीची गोवा-महाराष्ट्र सीमा बंद झाली. पूल होते, रस्ते होते, महामार्ग होता. पण गोव्यात कामाला जाणारी आमच्या भागातली मुलं महिनेच्या महिने घरी बसली, आणि कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. माझा मावसभाऊ केरीला आणि त्याची बायको माहेरी शिरोड्याला, असे अडकले होते. तो संध्याकाळी तेरेखोलच्या समोर येऊन उभा राहायचा. इकडून फोनवर ती त्याच्याशी बोलायची. साथीच्या वेळी सीमा बंद कराव्या लागतात हे मान्य, पण कामावर जाणाऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी काय व्यवस्था करायची हे आधी लिहून ठेवलेलं नव्हतं. प्रत्येक निर्णय त्या दिवशी, नाक्यावर उभ्या असलेल्या माणसावर सोडला गेला.

आजाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजला जातो. आमच्या बोलण्यात "बांबोळीला नेलं" म्हणजे प्रकरण अवघड आहे, असा अर्थच होऊन बसला आहे. २०१८ पासून गोव्यानं परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं. गोव्याची बाजू समजण्यासारखी आहे, खाटा त्यांच्या, डॉक्टर त्यांचे, आणि गर्दीत आमचीही माणसं बरीच. मग महाराष्ट्राची जनआरोग्य योजना तिथं लागू करण्याची बोलणी झाली. म्हणजे मनात आणलं तर दोन सरकारं बोलू शकतात. फक्त आग लागल्यावर बोलतात, त्याआधी नाही.

काहीजण म्हणतात, आरोंदा-किरणपाणी पूल आहेच, आणखी एक कशाला? शिवाय फेरीबोटीचं स्वतःचं आकर्षण आहे. दाभोळच्या खाडीत फेरीबोट सुरू झाल्यावर पर्यटक वाढलेच की. हे खरं आहे आणि फेरीबोट मलाही आवडते. पण फेरीबोट रात्रीची नसते, मोठ्या सुकतीला नसते, जोराच्या पावसात नसते. पर्यटकाला ती मजा आहे. पाटी घेऊन बसलेल्या बाईला पाऊण तासात विरघळलेला बर्फ आहे. आणि आरोंद्याचा पूल आरोंद्याच्या लोकांची सोय करतो, तेरेखोलच्या लोकांची नाही.

पर्यावरणाचा आक्षेप यापेक्षा जड आहे. केरीच्या किनाऱ्यावरचे वाळूचे डोंगर आणि सुरूची रांग लाटांनी आधीच खचत चालली आहे. नदीच्या मुखाशी वाळू सरकत असते, ज्या वाळूमुळं फेरी अडते तिच्यातच खांब रोवायचे आहेत. खांबांनी प्रवाह वळला तर एका काठावर वाळू साचेल आणि दुसरा काठ तुटेल. म्हणून परवानगी हा उपचार समजू नये. जिथं पात्र स्थिर आहे अशा जागी, थोडा आत सरकून, दोनच पदरी पूल असावा. चौपदरी, रोषणाईचा, वर बघायची गॅलरी असलेला पूल इथं नको. तसल्या पुलासाठी रस्ते रुंद करावे लागतील, आणि रस्ते रुंद झाले की दोन्ही काठांवर जमिनीचे दलाल आधी पोचतील.

ते पोचायला सुरुवात झालीच आहे. २०२३ मध्ये पेडणे तालुक्याच्या प्रारूप क्षेत्र आराखड्याविरुद्ध, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या मसुद्याविरुद्ध, लोक उठले आणि सरकारला मागं यावं लागलं. आमच्या बाजूला सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि शिरोड्याच्या वेळागरला मोठ्या हॉटेलसाठी घेतलेल्या जमिनीचा वाद त्याच्याही आधीपासून गावकऱ्यांच्या मानगुटीवर आहे. पर्यटन जिल्हा म्हणजे नेमकं कुणाचं पर्यटन, याचं उत्तर गावाला अजून मिळालेलं नाही. मला विचाराल तर ते उत्तर घरगुती खोल्यांत आहे, शिरोड्याच्या मिठागरांत आहे, जिथं १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला आणि जिथं आज आलेल्या पर्यटकाला ती गोष्ट सांगायला धड एक फलकही नाही. रेडीचा यशवंतगड आणि तेरेखोलचा किल्ला एकमेकांपासून इतके जवळ आहेत की सकाळी एक, दुपारी दुसरा पाहून होतो. पण एकाची माहिती देणारा माणूस दुसऱ्याचं नाव घेत नाही, कारण तो दुसऱ्या राज्याच्या खात्यात येतो. पूल झाला तर या गोष्टी जोडल्या जाव्यात. कोकम, काजू, सोलं, मीठ विकणाऱ्या बायकांना पुलाच्या दोन्ही टोकांना बसायला पक्की जागा करारातच ठेवावी, नाहीतर पुलाच्या तोंडाशी पहिलं दुकान दारूचं निघेल हे आत्ताच सांगतो.

डागडुजीचंही त्याच कागदावर ठरू दे. ७ ऑगस्ट २०२४ ला कारवारजवळ काळी नदीवरचा जुना पूल रात्री कोसळला, एक ट्रक पाण्यात गेला. शेजारी नवा पूल होता म्हणून गोव्याचा रस्ता चालू राहिला. ५ जुलै १९८६ ला पणजीत मांडवीवरचा पूल पडला तेव्हा शेजारी दुसरा नव्हता. बांधून पुरती वीस वर्षंही झाली नव्हती त्याला. पणजी आणि बेतीच्या माणसांना त्या वेळी फेरीबोटींनीच तारलं. खाऱ्या हवेत काँक्रीटच्या आतली सळी कशी गंजते हे किनाऱ्यावर घर बांधलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. या पुलाची तपासणी कोण करणार, दर किती वर्षांनी, पैसे कोणत्या राज्याच्या तिजोरीतून येणार, हे उद्घाटनाच्या दिवशी ठरवायचं नसतं.

आणि पूल झाला तरी केरीची फेरीबोट मोडीत काढू नये. तीवर काम करणाऱ्यांत तारी आडनावाची माणसं असतील. होडीनं माणसं पार करणं हाच ज्यांच्या घराचा पिढीजात धंदा होता, त्यांचं ते आडनाव. निदान सकाळ-संध्याकाळ एकेक फेरी चालू राहू दे, पायी चालणाऱ्यांसाठी, फुकट, आत्ता आहे तशी.

त्या दिवशी पाणी चढलं तेव्हा साडेअकरा वाजले होते. फेरीबोट आली, रॅम्प खडखडत सिमेंटवर टेकला. बाईनं पाटी डोक्यावर घेतली, तिच्या मानेवरून पाण्याचे थेंब पदरात उतरले. फाइलवाला घड्याळ बघत पुढं झाला. केरीला उतरल्यावर तो पंचायतीच्या दिशेनं जवळजवळ धावतच गेला, कारण एक वाजता तिथली खिडकी जेवणासाठी बंद होते.